सीट बेल्ट प्रीटेन्शनरचा कोड आलाय? सीटखाली हात घालण्याआधीची तयारी

चावी फिरवली की मीटरमध्ये फुग्यासमोर बसलेल्या माणसाचा दिवा लागतो आणि पाच-सात सेकंदांत विझतो. तो विझत नसेल आणि दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर सीट बेल्ट प्रीटेन्शनरचं, म्हणजे अपघातात पट्टा झटक्यात आवळणाऱ्या यंत्रणेचं, नाव घेत असेल, तर पाना शोधण्याआधी वही-पेन शोधा. कोड पुसायची घाई नको. पूर्ण कोड उतरवून घ्या, शेवटच्या दोन अक्षरांसकट. बऱ्याच गाड्यांत खरी माहिती त्या दोन अक्षरांतच असते: १३ म्हणजे सर्किट तुटलंय, ११ म्हणजे वायर बॉडीला लागतेय, १२ म्हणजे तिच्यात बॅटरीचा करंट शिरतोय, १बी म्हणजे रेझिस्टन्स जास्त, १ए म्हणजे कमी. दोष आत्ता चालू आहे की जुना साठलेला, तेही लिहा. बाजारातले स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनापुरतेच कोड वाचतात. एअरबॅग आणि प्रीटेन्शनर सांभाळणारं मॉड्युल, म्हणजे त्यांचा छोटा कॉम्प्युटर, वाचणारा स्कॅनर मिळत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तेवढं वाचून घ्या. अंदाजाने सीट खोलू नका.

बॅटरी उतरलेली असेल तर ती आधी चार्ज करा, कारण व्होल्टेज पडल्यानेही या मॉड्युलमध्ये कोड साठतात. मग सीट पुढे सरकवून घ्या आणि एक काच खाली करा. सीट बटणावर चालणारी असेल तर हे विसरूच नका. बॅटरी काढल्यावर ती जागची हलत नाही.

आता बॅटरीचा मायनस, बहुतेक वेळा १० नंबरच्या पान्याने. इग्निशन बंद, चावी खिशात, मायनसची केबल काढून बाजूला, आणि मग थांबायचं. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी प्रीटेन्शनरचा बार उडावा म्हणून मॉड्युलमधल्या कपॅसिटरमध्ये करंट साठवलेला असतो. कुठल्या गाडीच्या पुस्तिकेत दीड मिनिट थांबा म्हणतात, कुठे तीन. मी दहा मिनिटं थांबतो. प्रीटेन्शनरमध्ये खरोखरीची स्फोटक दारू असते, ठिणगी मिळताच ती पेटते आणि काही मिलिसेकंदांत पट्टा खेचला जातो. तेव्हा तुमची बोटं बकलच्या दांड्याजवळ असता कामा नयेत.

मल्टीमीटर सोबत ठेवा, पण प्रीटेन्शनरच्या दोन पिनांना तो कधीही लावायचा नाही. टेस्ट लॅम्प तर नाहीच नाही. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतःचा करंट सोडतो आणि दारू पेटवणाऱ्या तारेला तेवढाही पुरू शकतो. त्याऐवजी दोन ओहमच्या आसपासचा रेझिस्टर आणून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो काही रुपयांत मिळतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. प्रीटेन्शनर काढून त्याच्या जागी तो जोडायचा, बॅटरी लावायची आणि कोड बघायचा. दोष ‘चालू’वरून ‘जुना’ झाला तर प्रीटेन्शनर गेलाय. तसाच राहिला तर वायरिंग किंवा मॉड्युल. दर वेळी काढ-घाल करण्याआधी बॅटरी पुन्हा काढा, पुन्हा थांबा.

पण रेझिस्टरपर्यंत जायची वेळ बहुधा येतच नाही. आधी टॉर्च घेऊन सीटखालचा पिवळा कपलर, म्हणजे प्रीटेन्शनरची वायर जोडणारा प्लग, बघा. बकलमध्ये प्रीटेन्शनर असलेल्या गाड्यांत ही वायर सीटबरोबर मागेपुढे होते. व्हॅक्युम करताना तिला पाइपचा हिसका बसतो, सीट कव्हर चढवताना ती ओढली जाते. गेल्या पावसाळ्यात माझ्याच गाडीत हा कोड आला तेव्हा मॅटखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर येत होतं. कपलर उघडला तर एका पिनेच्या बुडाशी हिरवट पावडर, नखाने खरवडली तर निघेल एवढीच. म्हणून कॉन्टॅक्ट क्लीनर आणि सुती फडकं यादीत हवंच. कपलरच्या आत एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते, कपलर निघाला की दोन्ही पिना एकमेकींना जोडून ठेवणारी, म्हणजे स्थिर विजेनेही बार उडू नये. ती वाकून अडकली तर कपलर नीट बसलेला असूनही ‘रेझिस्टन्स कमी’ असाच कोड येतो. टाचणीने कोरू नका, नुसतं निरखून बघा. जवळच उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कार्पेटखालची वायरही तपासा.

बकलमध्ये काही सापडलं नाही तर दुसरा प्रीटेन्शनर दाराच्या मधल्या खांबात, पट्ट्याच्या रिळापाशी असतो. तिथे प्लास्टिक पॅनेल काढावं लागतं. सवय नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या.

रेझिस्टर तपासणीपुरताच वापरायचा. तो तिथेच ठेवून, दिवा विझवून गाडी विकणारे लोक आहेत. याची मला मनापासून चीड येते, कारण त्या सीटवर कुणाची तरी आई बसणार असते. जुनी गाडी घेताना सीटखाली हा पिवळा कपलर स्वतः वाकून बघा. भंगारातून काढलेला प्रीटेन्शनरही घेऊ नका. एकदा उडालेला पुन्हा चालत नाही, आणि न उडालेल्याचं आधी काय झालंय ते कळायला मार्ग नसतो.

सगळं जोडल्यावर बॅटरी लावा. पहिल्यांदा चावी फिरवताना गाडीत कुणी बसू नये; खिडकीतून हात घाला. दिवा विझला की कोड पुसा, सीट शेवटपर्यंत मागेपुढे सरकवा आणि पुन्हा बघा. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी दिवा किती सेकंदांत विझतो तेही त्याच वहीत लिहा.