लाइट गेली तरी परत जोडणारा डबा: डब्ल्यूएसएस जोडणी कशी उघडायची

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मालकांच्या 24 टॉवेल मागांवर मी रास्पबेरी पाय (छोटे संगणक) बसवलेत. जॉबर (मागांची देखरेख करणारा) त्यांना नुसतं 'डबे' म्हणतो. माग थांबला की डबा सर्व्हरला कळवतो आणि मालकांच्या मोबाइलवर त्या मागाचा चौकोन लाल होतो. मधला निरोप जातो सुरक्षित वेबसॉकेटवरून, म्हणजे डब्ल्यूएसएसवरून; ही उघडीच राहणारी, दोन्हीकडून निरोप नेणारी जोडणी. माझा प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, लायब्ररी 'वेबसॉकेट्स'.

पत्ता 'डब्ल्यूएसएस'ने सुरू करा. पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) लिहिला नाही तर 443 धरला जातो, साध्या 'डब्ल्यूएस'ला 80. पत्त्यात आयपीचा आकडा नको, सर्व्हरचं नाव घाला. सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) सहसा नावावर असतं, आकडा दिलात तर ते जुळत नाही. नावापुढचा पाथ सर्व्हरवाल्याने दिलाय तसाच ठेवा. 404 ('सापडलं नाही') आला तर आधी तोच तपासा.

हा पत्ता लायब्ररीच्या 'कनेक्ट'ला देऊन पायथॉनच्या 'असिंक विथ'मध्ये बसवला की जोडणी उघडते. आधी टीएलएस होतं, म्हणजे सर्टिफिकेट तपासून जोडणी गुप्त होते, मग क्लायंट साधी एचटीटीपी गेट विनंती पाठवतो. तिच्यात 'अपग्रेड: वेबसॉकेट', आवृत्ती 13 आणि 16 रँडम बाइटांची किल्ली असते. सर्व्हरने त्या किल्लीवरून काढलेलं उत्तर आणि 101 ('वेबसॉकेटवर बदलतो') पाठवलं की जमलं. 101 ऐवजी 200 (साधं 'ठीक') आला, तर पाथ बरोबर असूनही मधला प्रॉक्सी (विनंती पुढे नेणारा सर्व्हर) 'अपग्रेड'ची ओळ, म्हणजे हेडर, गिळत असण्याची शक्यता मोठी.

खरी गंमत सर्टिफिकेटची. दिवाळीची सुटी संपवून कारखाना उघडला आणि सकाळीच जॉबरचा फोन आला, "साहेब, तुमचे सगळे डबे मुके झालेत बघा." लॉगमध्ये होतं, सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. माझ्याकडच्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. लाइट गेली की वेळ शेवटच्या नोंदीवर अडकते आणि इंटरनेट मिळेपर्यंत तिथेच राहते. सुटीत सर्व्हरचं सर्टिफिकेट नवं झालं होतं, आणि डब्याच्या हिशेबी अजून वसुबारसही उजाडली नव्हती. माझा प्रोग्राम एकदाच प्रयत्न करून गप्प बसला. चूक माझीच.

अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणीच बंद करायचा मोह होतो, एका ओळीचं काम असतं. करू नका. मग तुमचा डबा कुणालाही सर्व्हर समजेल. मी सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणारी व्यवस्था) वेळ जुळेपर्यंत थांबणारी सेवा चालू केली आणि माझी सेवा 'टाइम-सिंक' टार्गेटनंतर, म्हणजे वेळ जुळल्यावरच सुरू होईल अशी, लावली. कारखान्यातल्याच सर्व्हरवर घरचं, म्हणजे स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असेल, तर एसएसएल मॉड्यूलचा डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट (तपासणीची सेटिंग्ज) घेऊन त्यात ती फाइल लोड करा आणि तो कॉन्टेक्स्ट 'कनेक्ट'ला द्या. तपासणी चालूच राहते.

पिंगला, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे पाहणाऱ्या छोट्या निरोपाला, हात लावू नका. माग नीट चालले तर तासन्‌तास पाठवायलाच काही नसतं. कारखान्यात ही चांगली गोष्ट, पण एंजिनएक्स या वेब सर्व्हरचा प्रॉक्सी सहसा 60 सेकंदांच्या शांततेनंतर जोडणी तोडतो. ही लायब्ररी दर 20 सेकंदांनी स्वतःहून पिंग पाठवते. कुणीतरी 'उगाच डेटा जातो' म्हणून ते बंद केलेलं मी पाहिलंय.

परत जोडण्यासाठी 'असिंक विथ'च्या जागी 'असिंक फॉर' लिहा. जोडणी तुटली की लायब्ररी वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करते. स्वतः लूप लिहिणार असाल तर 1, 2, 4 सेकंद असं थांबत 60पर्यंत जा, आणि प्रत्येक थांब्यात थोडा रँडम वेळ मिसळा. लाइट येते तेव्हा चोवीसही डबे एकदम जागे होतात आणि एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात.

जोडणी आली की पहिला निरोप माग आत्ता चालू की बंद याचा पाठवा, जुन्या घटना नंतर. नाहीतर धडधडत चालणारा माग मोबाइलवर लालच दिसतो आणि मालक बिचाऱ्या जॉबरवर ओरडतात.