रावेल्लोच्या टेरेसवर मराठी लग्न शूट करायचंय? लेन्स नंतर, आधी ऊन बघा

इटलीतलं लग्न म्हटलं की क्लायंट हमखास दीपिका-रणवीरचे फोटो रेफरन्स म्हणून पाठवतात. ते लग्न २०१८ च्या नोव्हेंबरात लेक कोमोच्या काठावर, व्हिला देल बाल्बियानेल्लोत झालं होतं. तो तलाव आहे, समुद्र नाही, आणि नोव्हेंबरचं मवाळ ऊन वेगळं, जूनमधलं अमाल्फी कोस्टचं ऊन वेगळं. हे पहिल्या मीटिंगलाच सांगून टाका, नाहीतर अल्बम हातात पडल्यावर "तसे फोटो का नाही आले" ऐकावं लागेल.

मी इथे अमाल्फी कोस्टवरच्या रावेल्लो या गावाबद्दलच लिहितेय, त्यातही जास्त करून व्हिला चिम्ब्रोनेबद्दल, कारण तिथल्या अडचणी मला पाठ आहेत. रावेल्लो समुद्रापासून साधारण साडेतीनशे मीटर उंचावर आहे. चिम्ब्रोनेची जागा मध्ययुगीन, पण आज दिसते ती बाग आणि इमारत अर्नेस्ट बेकेट नावाच्या इंग्रज लॉर्डने १९०४ मध्ये विकत घेऊन नव्याने उभी केली. बागेच्या टोकाला अनंताची टेरेस, कठड्यावर मार्बलचे अर्धपुतळे आणि खाली नुसता समुद्र, सगळ्यांना फोटो हवा असतो तो तिथला.

निघण्याआधी

गिअरची लिस्ट देत नाही, लग्न शूट करणाऱ्याला ती माहीत असते. फक्त तीन गोष्टी. एक, महागडं सामान नेताना भारतातून निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना "हे तिकडून आणलं का" हा वाद होत नाही, सामान फार असेल तर एटीए कार्ने (तात्पुरतं सामान नेण्या-आणण्याचं आंतरराष्ट्रीय कस्टम्स कागदपत्र) काढा. दोन, व्हिसा. "टुरिस्ट व्हिसावर चालतं गं" असं सांगणारे खूप भेटतात, त्यातलं कोणी तुमच्याबरोबर इमिग्रेशनच्या काउंटरवर उभं राहणार नसतं, तेव्हा पैसे घेऊन काम करताय हे स्पष्ट सांगून कॉन्सुलेटला लेखी विचारा. तीन, इटलीत एका रेषेत तीन पिना असलेलं सॉकेट असतं, आपला गोल तीन पिनांचा प्लग त्यात जात नाही, दोन-तीन अडॅप्टर आणि आपलंच एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या.

ड्रोन? शक्यतो नका नेऊ. युरोपात कॅमेरा असलेल्या ड्रोनला, अगदी २५० ग्रॅमच्या आतल्यालाही, ऑपरेटर म्हणून नोंदणी लागते, इटलीत त्यावर इन्शुरन्स सक्तीचा आहे, आणि इतकं करूनही जमलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावरून उडवायची परवानगी मिळत नाहीच. हवाच असेल तर तिथला लायसन्सवाला ऑपरेटर घ्या आणि परवानग्यांचं त्याच्यावर सोडा.

पोचणं आणि वर चढणं

नेपल्सहून येताना किनाऱ्याचा रस्ता सुंदर आहे आणि सीझनला तुंबलेला असतो. पोझितानो ते व्हिएत्री या पट्ट्यात सीझनमध्ये ठरावीक दिवशी सम-विषम नंबरप्लेटचा नियमही असतो, त्यामुळे भाड्याची गाडी स्वतः चालवायच्या भानगडीत पडू नका, परवानाधारक ड्रायव्हर घ्या.

चिम्ब्रोनेपर्यंत गाडी जात नाही. पियात्झापासून, म्हणजे गावच्या मुख्य चौकातून, दहा-पंधरा मिनिटं गल्लीतून चालत, मध्ये पायऱ्या. चाकांची बॅग तिथे बिनकामाची, सगळं पाठीवरच्या बॅगेत भरा. जड स्टँड आणि लाइट्ससाठी हॉटेलला सांगून हमाल ठरवा, तिकडे त्याला फाक्किनो म्हणतात. त्या भागात सामानाची ने-आण करणारी छोटी तीनचाकी म्हणजे आपली आपेच, पियाजिओची, बारामतीत बनते तीच. चढावर तिचा आवाज ऐकला की बरं वाटतं, ते असो.

आदल्या दिवशी रेकी करायचीच. आणि लग्नाच्याच वेळेला. सकाळचं लग्न असेल तर संध्याकाळी फिरून येऊन "जागा बघितली" म्हणण्यात काही अर्थ नाही.

ऊन, अंतरपाट आणि ती पाच मिनिटं

आता खरा मुद्दा, मला सगळ्यात जास्त छळलंय ते यानेच आणि याबद्दल नेटवर मिळणारा सल्ला जवळजवळ सगळा गोऱ्या लोकांच्या लग्नांचा आहे. त्यांची जोडी पाहुण्यांकडे बाजू करून उभी राहते, मध्ये काही नसतं, मग सांगतात की सूर्य पाठीमागे ठेवा, आकाशाला एक्स्पोज करा आणि शॅडोज नंतर उचला, म्हणजे सेटिंग आकाशाच्या उजेडाला धरून ठेवा आणि काळोखे भाग एडिटिंगमध्ये उजळा. आपल्या लग्नात नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट, गुरुजींना दिशा हवी म्हणजे एकाचं तोंड पूर्वेला आणि एकाचं पश्चिमेला. आणि ही टेरेस ढोबळमानाने पूर्व-आग्नेयेच्या समुद्राकडे उघडते.

सकाळी नऊ-दहाला काय होतं बघा. सूर्य समुद्राच्या बाजूने येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्याच्या पाठीवर ऊन, समोरच्याच्या थेट तोंडावर ऊन. पण मध्ये पांढरा अंतरपाट आहे ना, तोपर्यंत हे जाणवतच नाही! पाठीवर ऊन असलेल्याच्या समोर तो अंतरपाट उन्हाने उजळलेला असतो, त्यावरून प्रकाश उलटून चेहऱ्यावर येतो, म्हणजे फुकटचा रिफ्लेक्टर. पलीकडच्यावर अंतरपाटाची सावली असते आणि कापडातून गाळून आलेला मऊ उजेड. मंगलाष्टकं चालू असताना दोन्ही चेहरे इतके छान दिसतात की तुम्ही खूश होऊन सेटिंग तसंच ठेवता.

मग "शुभमंगल सावधान", अंतरपाट बाजूला, आणि एका सेकंदात एक चेहरा अडीच-तीन स्टॉप खाली जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), दुसऱ्यावर कडक ऊन पडून डोळे मिटतात. नेमका हाच क्षण घरच्यांना हवा असतो, पहिली नजर, अक्षता, हार. आणि तो पुन्हा होत नाही, गुरुजींना परत धरायला सांगता येत नाही (लोक सांगतात, ते फोटो लगेच ओळखू येतात).

म्हणून माझं ठाम मत, सकाळच्या लग्नाला दोन्ही चेहरे एकाच कॅमेऱ्यात पकडायचा हट्ट सोडा. दोन माणसं, दोन बाजू, दोन ठरवलेली एक्स्पोजर. जूनच्या स्वच्छ उन्हात उन्हातल्या चेहऱ्याला आयएसओ १००, एफ ४, १/१६०० च्या आसपास लागतं. पाठीवर ऊन असलेल्याला त्याच आयएसओ आणि एफ ४ वर १/२५० च्या जवळ. ही अंतरपाट पडल्यानंतरची सेटिंग्ज आहेत, ती आधीच कॅमेऱ्याच्या कस्टम मोडमध्ये टाकून ठेवा, मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला डायल फिरवा, ऑटोवर भरवसा ठेवू नका, कारण मागे चमकणारा समुद्र आणि पांढरे पुतळे बघून मीटर नेहमी घाबरतो आणि चेहरे काळे करतो. १/२५० ला मागचा समुद्र पांढरा जाईल. जाऊ दे. समुद्राचे फोटो दिवसभर मिळतात.

दोघं एकत्र असलेल्या वाइड फ्रेमला तिसरा कॅमेरा, आणि तिथे फ्लॅश. एफ ११, १/२००, आयएसओ १००. या स्पीडला हायस्पीड सिंकची (जास्त शटर स्पीडला फ्लॅश चालवायचा मोड, त्यात ताकद कमी होते) गरज नाही, त्यामुळे फ्लॅशची पूर्ण ताकद मिळते, पुतळे आणि समुद्र दोन्ही शार्प येतात, आणि पाठमोऱ्या उन्हातला चेहरा भरून निघतो. २०० वॉट-सेकंदचा फ्लॅश काठीवर लावून असिस्टंटला सावलीतल्या चेहऱ्याच्या बाजूला दीड-दोन मीटरवर उभं करा. मामा आणि करवली यांच्यामध्ये त्याला जागा मिळेल का हे आदल्या दिवशीच मामांशी बोलून ठरवा, अगदी खरं सांगते, त्या पाच मिनिटांत मामांशी ओळख असणं लेन्सपेक्षा कामाचं.

आणि "शॅडोज नंतर उचलू" हे पिवळ्या अष्टपुत्रीवर, हिरव्या चुड्यावर आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर चालत नाही. तीन स्टॉप उचललात की त्वचा राखाडी-चिखल होते आणि पिवळा नारिंगीकडे पळतो. ज्यांनी हा सल्ला दिलाय त्यांनी पांढऱ्या गाऊनवर तो वापरलाय.

दुपारचा मुहूर्त असेल तर वेगळंच. उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाने साधारण एक वाजता, बाराला नाही, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जवळपास ७३ अंशांवर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर. यावर एकच उपाय, वर कापड. पातळ आणि पांढरंच. डेकोरेटर केशरी किंवा राणी कलरचं छत सुचवतो, ते छत दिसायला सुंदर असतं आणि सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे रंगवून टाकतं. हे क्लायंटला तीन महिने आधी सांगा, फुलं ऑर्डर झाल्यावर कोणी ऐकत नाही.

माझं ऐकलं तर घरच्यांना गोरज मुहूर्ताला वळवा. रावेल्लोच्या पश्चिमेला दरीपलीकडे स्काला गाव आणि त्याच्यामागे लात्तारीचे डोंगर, चेर्रेतोचं शिखर तर १,३१६ मीटर. त्यामुळे अ‍ॅपवर सूर्यास्त साडेआठ दाखवत असला (जूनमध्ये तेवढाच असतो) तरी टेरेसवरचं ऊन त्याच्या चांगलंच आधी जातं, तासाभराच्या आसपास धरून चला आणि आदल्या दिवशी घड्याळ लावून बघा. बरेच जण इथेच फसतात, गोल्डन अवर म्हणून साडेसातला जोडीला टेरेसवर नेतात आणि तिथे सोनेरी काही नसतं. पण लग्नाला हाच उजेड उत्तम. टेरेस सगळी मऊ सावलीत, दोन्ही चेहऱ्यांवर सारखा उजेड, अंतरपाट पडला तरी फरक किरकोळ, आणि समोर मायोरीच्या बाजूचे कडे अजून उन्हात. एक कॅमेरा, एक सेटिंग, काम झालं. संधिप्रकाशही आपल्याकडच्यापेक्षा जास्त वेळ टिकतो.

मुहूर्ताचं आणखी एक. गुरुजींनी पंचांग कुठलं बघितलंय ते विचारा. काही घरांत पुण्यातल्या आजीला लाइव्ह बघता यावं म्हणून भारतातलीच वेळ धरतात, उन्हाळ्यात इटली साडेतीन तास मागे, म्हणजे आपला साडेबाराचा मुहूर्त तिथे सकाळी नऊला. मग वरचं सगळं परत वाचा.

बाकीचं पटापट

हळद: टेरेसकडे जाणाऱ्या लांब वाटेवरच्या वेलींच्या मांडवाखाली करू नका, कितीही सुंदर दिसला तरी. पानांतून हिरवा उजेड येतो आणि हळद लागलेला चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो.

कपल पोर्ट्रेट: भर दुपारी हवेत तर क्रिप्टमध्ये न्या. नाव तळघराचं असलं तरी ती कमानींची, एका बाजूने उघडी गॅलरी आहे, दिवसभर सावली. टेरेसवरचे हवे असतील तर सकाळी बाग उघडते तेव्हा, कारण बाग तिकिटावर सगळ्यांना खुली असते आणि अकरानंतर प्रत्येक पुतळ्यापाशी कोणीतरी सेल्फी काढत असतं.

व्हिला रूफोलो: पियात्झाला लागूनच, तेराव्या शतकातला. १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर इथे येऊन बाग बघून हरखला होता, त्यावरून आता उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो आणि त्यासाठी खालच्या बागेवर, दरीच्या तोंडाशी मोठं स्टेज बांधतात. पाइनचं झाड आणि चर्चचे दोन घुमट हा पोस्टकार्डवाला फोटो त्या काळात स्टेजसकट येतो. तारखा विचारूनच क्लायंटला शब्द द्या.

होम आणि अक्षता: ऐतिहासिक जागेत उघडा अग्नी आणि रंगवलेले तांदूळ दोन्हीला नाही म्हणू शकतात. लेखी विचारून घ्या, हे प्लॅनरचं काम आहे पण प्लॅनर विसरतो. अक्षता चालत असतील तर त्यांच्या खास फोटोला १/१००० च्या खाली जाऊ नका, नुसत्या रेघा येतात.

वारा: दक्षिणेकडून सिरोक्को आला की समुद्र-आकाश सगळं दुधाळ होतं, पोलरायझरने (चकाकी कापणारा फिल्टर) थोडं सुधारतं पण वाइड लेन्सवर तो लावू नका, आकाशात मध्येच गडद पट्टा येतो. अंतरपाट उडतो म्हणून खालच्या काठाला आतून छोटी वजनं शिवून घ्या.

रात्रीचं जेवण: वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झ, एलईडी लुकलुकत असतील तर १/५० किंवा १/१०० वर रहा.

बॅकअप: त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी. एक तुमच्या केबिन बॅगेत, दुसरी असिस्टंटकडे, आणि त्याचं परतीचं तिकीट वेगळ्या फ्लाइटचं काढा, थोडं महाग पडलं तरी. त्याचं बिल क्लायंटच्या कोटेशनमध्ये आधीच लावा.