खासदारांचं संसदेतलं काम मोजताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक तक्ता फिरू लागतो. आपल्या खासदारांचे प्रश्न शून्य, हजेरीचा रकाना कोरा. खाली संतापाचा पूर. असे तक्ते बहुधा पीआरएस या संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून उचललेले असतात आणि आकडेही बरोबर असतात. बोंब असते ती वाचणाऱ्याची. मुरलीधर मोहोळ 2024 मध्ये पुण्यातून निवडून आले आणि लगेच सहकार व नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. हजेरीपटावर त्यांना सहीही करावी लागत नाही. म्हणून मंत्र्याचं काम त्याच्या खात्याच्या प्रश्नोत्तरांत आणि विधेयकांवरच्या चर्चेत शोधायचं. सुप्रिया सुळे किंवा अमोल कोल्हे यांच्या प्रश्नसंख्येशेजारी मंत्र्याचा शून्य मांडणं हा निव्वळ आळस आहे.

मुळात आपला मतदारसंघ तरी तपासा. हडपसर शिरूरमध्ये, खडकवासला बारामतीत, चिंचवड मावळात. हडपसरला राहून पुण्याच्या खासदाराकडे हिशेब मागणारे काही कमी नाहीत.

दुसरी लाडकी चूक म्हणजे प्रश्नांची बेरीज करून मोकळं होणं. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि 230 पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. अतारांकिताचं उत्तर लेखी पटलावर ठेवलं जातं, त्यासाठी कुणाला उभंही राहावं लागत नाही. तारांकितांतलेही 11 ते 12 च्या तासात मोजकेच पुकारले जातात. शिवाय एकाच प्रश्नावर अनेक खासदारांची नावं असू शकतात. तेव्हा संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन उत्तराची पीडीएफ उघडा, वर किती नावं आहेत आणि प्रश्नात पुण्याचं काही आहे का ते बघा. तारांकित असेल तर त्या दिवसाचं चर्चेचं इतिवृत्तही वाचा, कारण खरी झटापट मंत्र्याच्या उत्तरावर तिथेच विचारलेल्या पुरवणी प्रश्नांत होते आणि ते उत्तराच्या पीडीएफमध्ये नसतात.

टिपून ठेवताना कितवी लोकसभा, कितवं अधिवेशन, तारीख आणि मंत्रालय, सगळं लिहा. प्रश्न क्रमांक दर अधिवेशनात पुन्हा 1 पासून सुरू होतात. नुसता क्रमांक लिहून ठेवणारा पुढच्या वर्षी डोकं धरून बसतो.

'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर दिसलं की ते पान बंद करू नका. ते आश्वासन धरलं जातं आणि सरकारने साधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. कॅलेंडरवर खूण करा, नंतर पुन्हा शोधा.

भाषणं फक्त इंग्रजीत शोधू नका, मूळ इतिवृत्तात हिंदी भाषण देवनागरीतच असतं. रीलवरून भाषणाचं मोजमाप तर अजिबात नको. स्थायी समितीत कोण काय बोललं ते शोधण्यात वेळ घालवू नका, बैठका बंद दाराआड होतात. अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात हजर सदस्यांची नावं तेवढी मिळतात. आणि 'आमच्या खासदारांनी कशाला मत दिलं?' याचं उत्तर मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवणारं मतदान, झाली असेल तरच सापडेल. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कुणाचंच नाव नोंदलं जात नाही.