नकाशात फियॉर्ड कसा ओळखायचा

नागपुरातून समुद्र लांब, म्हणून घरच्या पोट्ट्यांना फियॉर्ड समजवायचा तर मोबाईलवरचा सॅटेलाइट नकाशाच कामी येते. सोग्नेफियॉर्ड सर्च करा, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्र जवळपास २०० किलोमीटर आत घुसलेला दिसते. पण नुसती लांब खाडी दिसली की फियॉर्ड म्हणायचं नाही, दरी हिमनदीनं कोरलेली पाहिजे अन् बर्फ हटल्यावर तिच्यात समुद्र भरलेला पाहिजे.

आता थ्रीडी व्ह्यू लावून काठ बघा, दोन्हीकडचे कडे सरळ उभे असतात, दरीचा आकार यू सारखा. कोकणातल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या नदीच्या दऱ्या, तिथं हिमनदी नव्हतीच, त्यामुळे त्या बाद.

मग खोली शोधा, मला तर हेच सगळ्यात भारी वाटते! सोग्नेफियॉर्ड आतमध्ये १३०० मीटर खोल आहे अन् समुद्राकडच्या तोंडाशी त्यामानानं बराच उथळ, घराच्या उंबरठ्यासारखा, कारण तिथं पोचेपर्यंत हिमनदी पातळ झाली, तिचं खरवडणं कमी पडलं.

नावावर जाऊ नका. न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड खरा फियॉर्ड आहे, डेन्मार्कचा लिमफियॉर्ड मात्र उथळ पाणी, या अर्थानं फियॉर्ड नाही.