आई किंवा बाबा आयसीयूत असतील तर आपण काय करायचं

पहिलं म्हणजे डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा, तोच बाकीच्यांना कळवेल, नाहीतर तीन भावंडं तेच तीनदा विचारतात आणि तीन वेगळे अर्थ काढून भांडत बसतात. एक छोटी वही ठेवा. कालच्यापेक्षा बरं की वाईट, आज औषधात काय बदललं, पुढच्या 24 तासांत कशावर लक्ष ठेवायचंय, एवढं रोज विचारा आणि लिहूनच घ्या, डोक्यात काही राहत नाही.

मॉनिटरकडे टक लावून बसू नका, हे मला फार उशिरा कळलं. बाबांच्या बोटावरची क्लिप जरा सरकली की ऑक्सिजनचा आकडा धाडकन खाली, अलार्म सुरू आणि माझे हातपाय गार, नर्स मात्र शांतपणे येऊन क्लिप नीट करून जायची.

व्हेंटिलेटरवर असतील, झोपेचं औषध चालू असेल तरी बोला, ऐकू येत असू शकतं. हात धरायच्या आधी स्वतःचे हात धुवा. शुद्धीवर आल्यावर भलतंसलतं बोलले, तुम्हाला ओळखलंच नाही तर नर्सला सांगा पण घाबरून जाऊ नका, त्याला डिलिरियम म्हणतात, आयसीयूत खूप जणांना होतं आणि बहुतेकदा ओसरतं. चष्मा, कानाचं मशीन नेऊन द्या, आज वार कोणता ते सांगा, मदत होते.

आणि रात्री पाळ्या लावून घरी जा हो, झोपा. सगळ्यांनी खुर्चीत जागून काय होणारे, उलट सकाळी कुठल्या कागदावर सही करायची वेळ आली की डोकं चालत नाही. फोन तेवढा चार्ज करून उशाशी ठेवा.