उन्हाळी वेलांना मटका लावताय? आधी मटका पाझरतो का ते बघा

नवरात्रात घट बसवतो तेव्हा कधी बघितलंय का, मधे मातीच्या घटात पाणी आणि भोवतीच्या काळ्या मातीत धान्य, वरून चार थेंब शिंपडले तरी धान कसं तरारून येतं? ते घटातून पाझरणारं पाणी असतं. मटका सिंचन म्हणजे हेच, फक्त मटका गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा. माती कोरडी पडली की ती मटक्यातलं पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर आपोआप मंदावतो, म्हणून पाणी वाया जात नाही.

आता होळी ते पाडवा हा टाइम बरोबर आहे. दोडका, कारली, काकडी, भोपळा, परसबागेत जे काय वेल लावणार असाल त्याला हे बेस्ट. मेथी-कोथिंबिरीच्या नादी मात्र लागू नका, त्यांची मुळं वरवर असतात आणि पाझर खाली होतो.

सगळ्यात मोठी चूक मटका निवडताना होते, मी पण केलीय. गेल्या वर्षीचा माठ पाणी गार करत नाही म्हणून तोच नेऊन बागेत पुरला आणि आठ दिवसांनी बघतो तर पाणी जवळपास तेवढंच आणि वेल माना टाकून बसलेत! अहो गार का करत नव्हता, तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजली होती, मग जमिनीत तरी कसा पाझरणार. बोअरचं पाणी जड असेल तिथे हे हमखास होतं. म्हणून आधी टेस्ट करा, मटका भरून सावलीत कोरड्या जागी ठेवा, काही तासांत बाहेरून दमट लागला तर चालेल, नाहीतर काथ्याने नीट घासून परत बघा. ऑइलपेंट मारलेला, चकचकीत लेपाचा नकोच.

५-६ लिटरचा मटका पुरे. खड्डा मटक्यापेक्षा मोठा घ्या, काढलेल्या मातीत शेणखत मिसळा आणि तीच माती भोवती दाबून भरा, पोकळी राहिली तर पाणी मातीपर्यंत पोचत नाही. भारी काळी माती असेल तर थोडी वाळू घाला कारण ती तडकते आणि फुगते, मटका फुटतो. तोंड दोन बोटं वर ठेवा आणि झाकण हवंच, नाहीतर डास होतात आणि पाणी उडून जातं. बिया मटक्यापासून वीतभर अंतरावर, एका मटक्याला ३-४ वेल बास. उगवून मुळं खाली जाईपर्यंत आठ-दहा दिवस वरून पण पाणी द्यावं लागतं, हे बरेच जण विसरतात. वर पाचट किंवा पालापाचोळा टाका.

दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून बघत जा, मे मधे रोज बघा, तळ कोरडा पडू देऊ नका. मटक्याला खाली भोक पाडून वात घालतात ते फळझाडाच्या रोपाला ठीक, भाजीला मला तरी पटत नाही, पाणी लवकर संपतं. आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे कालवून आंबवलेलं पातळ खत) मटक्यात ओतू नका प्लीज, गाळ बसून छिद्रं बुजतात, ते बाहेरून आळ्यात द्या.

टेरेसवर असाल तर साधी मातीची छोटी कुंडी घ्या, तळाचं भोक सिमेंटने किंवा एमसीलने बंद करा, मोठ्या कुंडीत मधोमध पुरा आणि वर बशी झाका.

मृगाचा पाऊस लागला आणि वेल संपले की मटके काढून घासून उन्हात वाळवा आणि पालथे घालून ठेवा.