जिबरेलिनवर काम सुरू करताय? आधी डेला समजून घ्या

नाशिकचा बागायतदार द्राक्षाच्या घडांना 'जीए'चं (जिबरेलिक अॅसिडचं) डिपिंग देतो. रत्नागिरीचा आंबेवाला हापूसच्या बुंध्याशी कल्टार ओततो. दोघांचा मामला एकाच संप्रेरकाशी, रोपाची वाढ करणाऱ्या जिबरेलिनशी. पहिला ते बाहेरून देतो. दुसरा झाडाला ते पुरेसं बनवूच देत नाही, कारण कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन तयार होण्याच्या वाटेतली एक सुरुवातीची पायरी अडवतं. एम.एस्सी. करून वनस्पतींच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी इथूनच सुरुवात करायला सांगते. ऑक्सिन, एबीए, जॅस्मोनेट ही बाकीची संप्रेरकं सगळी एकदम वाचायला घेतलं की डोक्यात नावांची खिचडी होते.

नेट परीक्षेच्या तयारीत आपण पाठ केलेलं असतं की हॉर्मोन आलं आणि जनुक चालू झालं. प्रत्यक्षात इथे जनुक चालू करणारी प्रथिनं बऱ्याचदा आधीपासूनच तयार असतात, पण त्यांना कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. जिबरेलिनच्या बाबतीत ते काम डेला प्रथिनं करतात. गंमत म्हणजे डेलाला स्वतःला डीएनए धरता येत नाही. ती पेशीकेंद्रकात पीआयएफसारख्या जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांना चिकटते, आणि मग त्यांना जनुकापर्यंत पोचता येत नाही. जिबरेलिन जीआयडी१ या ग्राहकात (रिसेप्टर प्रथिनात) बसलं की त्या ग्राहकाचा आकार बदलतो, तो डेलाला पकडतो, डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा शिक्का बसतो आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, तिचा फडशा पाडतं. म्हणजे नकाराचाच नकार. ऑक्सिन आणि जॅस्मोनेटचं गणितही असंच, फक्त पात्रं वेगळी. एबीएमध्ये मात्र मुख्य भर प्रथिन नष्ट करण्यावर नाही. तिथे ग्राहक एका फॉस्फेटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला) अडवतो आणि त्यामुळे कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) मोकळं होतं.

हरितक्रांतीचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं, आणि मुलाखतीत ते हमखास विचारलं जातं. बुटका गहू आणि बुटका भात, दोन्ही जिबरेलिनशीच निगडित. पण बिघाड वेगवेगळ्या जागी. १९६६ साली आलेल्या आयआर८ भातात जिबरेलिन बनवणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक निकामी आहे. गव्हाच्या बुटक्या वाणांत जिबरेलिन भरपूर असतं, पण डेलाचा सुरुवातीचा भाग तुटलेला असल्यामुळे ग्राहकाला ती पकडता येत नाही. म्हणून जिबरेलिन फवारलं की भात उंच होतो, गहू ढिम्म हलत नाही. कुठलंही बुटकं म्युटंट (जनुकात बदल झालेलं रोप) हाती आलं की पहिला प्रयोग हाच करायचा. एका फवाऱ्यात निम्मं कोडं सुटतं.

दुसरी गोष्ट मायक्रोस्कोपखाली बघण्याची. आरजीए ही अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या पाच डेलांपैकी एक. तिला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेली रोपं बऱ्याच लॅबमध्ये असतात. मुळाच्या टोकाशी केंद्रकं हिरव्या ठिपक्यांसारखी चमकतात. जिबरेलिन घाला, दोनेक तासांत ठिपके विझतात. त्याच रोपांत आरजीएचा आरएनए मोजलात तर त्यात असा कोसळणारा आकडा दिसत नाही. सगळा खेळ प्रथिनाच्या पातळीवर झालेला असतो. फक्त क्यूपीसीआरवर, म्हणजे आरएनए मोजण्यावर, विसंबणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं, म्हणून प्रथिन मोजणारा वेस्टर्न ब्लॉट शिकून घ्या, कितीही कटकटीचा वाटला तरी.

क्यूपीसीआर करणारच आहात, तर काही गोष्टी सांभाळा. जिबरेलिन इथेनॉलमध्ये विरघळवतात, तेव्हा मॉक, म्हणजे जिबरेलिन न दिलेल्या, रोपांनाही तेवढंच इथेनॉल द्या. वाइल्ड टाइपमध्ये, म्हणजे जनुकात बदल नसलेल्या रोपात, जिबरेलिन आधीच असतं, त्यामुळे फरक फुसका येतो. आधी पॅक्लोब्युट्राझोल देऊन ते कमी करा, किंवा स्वतः जिबरेलिन जवळजवळ न बनवणारं जीए१-३ हे म्युटंट घ्या. नमुने रोज ठरलेल्या वेळीच गोळा करा. जीआयडी१चं ट्रान्स्क्रिप्शन (जनुकावरून आरएनए बनणं) जैविक घड्याळाप्रमाणे वरखाली होतं, त्यामुळे सकाळचा मॉक आणि संध्याकाळचा नमुना यांची तुलना म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. प्रयोग चालला की नाही हे बघायला जीए३ऑक्स१ या जिबरेलिन बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचा आरएनए मोजा: जिबरेलिन दिल्यावर तो उतरायला हवा, कारण पुरेसं झालं की रोप स्वतःच उत्पादन आवरतं.

पीएच.डी. प्रवेशाचं थोडक्यात: सीएसआयआर-नेटचं जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप), गेट किंवा जेजीबिल्स या परीक्षा. आयसर पुणे, दिल्लीचं एनआयपीजीआर, बंगळुरूचं एनसीबीएस ही ओळखीची नावं. पण माझं मत विचाराल तर संस्थेच्या नावापेक्षा लॅबमधल्या सीनियरशी बोलून ठरवा. रोपं वाढवायची खोली नीट चालते का, आणि बियांची नोंदवही कोण ठेवतं, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

जीए१-३ मागवलंत तर एक लक्षात ठेवा: त्याची बी जिबरेलिनशिवाय रुजत नाही. द्रावणात भिजवल्यावर ती पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि मगच प्लेटवर टाका. नाहीतर उरलेलं जिबरेलिन रोपात जातं, आणि तुमचा मॉक मॉक राहत नाही.